दोन सूत

"उस्ताद, तुम्हीच सांगा. काच चुकली की माझा हात?"

सिद्रामनं गाडी शेडखाली उभी केली, उतरला आणि ना सलाम ना नमस्कार, एकदम हेच विचारलं.

दस्तगीर उस्ताद बशीतला चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नाही.

"काचेचं नाव आधी घेतलंस," ते म्हणाले.

...

मी सोबत होतो, कारण काच माझ्या दुकानातली होती. सोलापुरात अक्कलकोट रोडला गाड्यांच्या काचा विकायला बसून मला तीस वर्षं झाली. या रस्त्यावर दाराची काच बसवणारे जेवढे हात आहेत, त्यातले निम्मे दस्तगीर उस्तादांच्या शेडमधून बाहेर पडलेत. एकदा एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, काच नीट बसली हे ओळखायचं कसं? उस्ताद म्हणाले, "गिऱ्हाईक परत येतं, पण दुसऱ्या कामासाठी."

सिद्राम त्यांच्याकडं नऊ वर्षं होता.

गाडी होटगीच्या एका द्राक्षबागायतदाराची. दसऱ्याला पूजा झाली, मेहुण्यानं हौसेनं नारळ आपटला. नारळ फुटला नाही, उसळला. ड्रायव्हरच्या बाजूची काच फुटली. मालक मोठा आनंदी माणूस. "नारळ शाबूत आहे शेठ, तेवढा परत घेता का?" असं मलाच विचारत होता.

काच मी दिली, सिद्रामनं बसवली. काच वर जायची, पण खाली येईना. त्यानं तीनदा काढली, तीनदा बसवली.

"दोन सूत मोठी दिलीय शेठनी," सिद्राम आता उस्तादांना म्हणाला.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा मापावर आमच्या धंद्यात माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात.

"दोन सूत मोठी असती तर वर तरी गेली असती का?" मी म्हणालो.

"मी घातलीय वर. जोर लावून."

"तेच तर."

"तेच तर काय? तुम्ही काय बसवताय का काचा? गठ्ठ्यातली ओढायची आणि द्यायची."

पण मला माझी खात्री होती. मागं एकदा बार्शीचा एक गॅरेजवाला डाव्या काचेसाठी उजव्या दाराचा कागद कापून घेऊन आला होता. "उलटा केला की डावा होतोय की ओ शेठ!" कागद उलटतो. काचेला पोट असतं, ती उलटत नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला दोनदा विचारतो, ड्रायव्हरची बाजू की शेजारची. सिद्रामलाही विचारलं होतं. माप मी स्वतः घेतलं होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती. काचेची तक्रार असली की माणूस काच घेऊन माझ्या दुकानात येतो. सिद्राम अख्खी गाडी घेऊन आला, मला म्हणाला, "चला उस्तादांकडं. ते सांगतील ते खरं." अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. कामाच्या दिवशी.

त्या शेडची पायरी तो तीन वर्षांनी चढत होता.

...

तीन वर्षांपूर्वी उस्तादांनी गिऱ्हाइकासमोर त्याच्या हातातला पाना काढून घेतला. एवढंच झालं. शिवी नाही, चढा आवाज नाही. सिद्रामनं हात पुसले, डबा उचलला आणि गेला. दोन चौक पलीकडं त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. काम चांगलं करायचा, नाव झालं. पण कुणी विचारलं, "शिकलास कुठं?" की म्हणायचा, "हातानं शिकलो."

उस्तादांनीही त्याचं नाव काढलं नाही.

मधल्या मध्ये पोळल्या त्या सुग्राबी चाची, उस्तादांच्या बायको. सिद्राम लिंगायताचा पोर, मांसाच्या भांड्याला शिवायचा नाही. नऊ वर्षं चाचींनी त्याच्यासाठी पातेलं वेगळं ठेवलं, डाव वेगळा ठेवला. घरातल्या कुणाचा हात त्या पातेल्याला लागला की घर डोक्यावर घ्यायच्या. तो गेल्यावर मला दोनदा विचारलं, "शेठ, लेकरू जेवतंय ना नीट?"

मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. सिद्राम कब्रस्तानात आला होता, मी पाहिलं. फाटकाशी उभा राहिला आणि उस्तादांना न भेटताच निघून गेला.

त्यानंतर हा आजचा दिवस.

...

उस्तादांनी चहा संपवला. बशी विसळली. मग गाडीपाशी आले.

ना टेप काढली, ना फूटपट्टी. खिशातून जुन्या लग्नपत्रिकेचा एक तुकडा काढला आणि वर गेलेल्या काचेच्या नि रबराच्या मधे सरकवायला गेले. तुकडा जाईना. दुसऱ्या कोपऱ्यात लावून पाहिला. तिथंही जाईना. कागदाचं टोक दुमडलं.

"वा," उस्ताद म्हणाले. "मुंगी जायची नाही."

"मग?" सिद्रामची छाती जरा पुढं आली. "काम चोख आहे की."

"चोख आहे. बस आत."

"आत कशाला?"

"बस तर. शेठ, तुम्ही मागं बसा. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

आम्ही बसलो. बाकीच्या तिन्ही काचा उस्तादांनी वर करायला लावल्या. मग सिद्रामच्या बाजूचं दार बाहेरून लावलं, दाराला चिकटून स्टूल मांडलं आणि त्यावर बसले. काचेपासून त्यांचं तोंड वीतभर अंतरावर.

त्यांचे ओठ हलले. बोल, असं म्हणाले असावेत.

"उस्ताद, काच मोठी आहे," सिद्राम म्हणाला.

उस्तादांनी कानामागं तळवा धरला, ऐकू येत नाही म्हणून.

"काच मोठी आहे!"

उस्तादांनी मान हलवली. नाही.

"दोन सूत! मोठी! आहे!"

माझ्या कानठळ्या बसल्या. उस्तादांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते आपले बघत होते, जसं माणूस कुंडीतल्या झाडाकडं बघतो.

सिद्रामनं काच खाली घ्यायला हँडल धरलं. एका हातानं, मग दोन्ही हातांनी. हँडल कुरकुरलं. काच हलली नाही.

ऑक्टोबरचं ऊन. शेडचा पत्रा तापलेला, त्याखाली बंद गाडी. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. माझी तर टोपीसुद्धा भिजली. पलीकडचं दार उघडून सिद्रामला उतरता आलं असतं. त्याला ते माहीत होतं. मला माहीत होतं. मी बोललो नाही, तोही त्या दाराकडं वळला नाही.

"ऐकू येत नाही ना तुम्हाला?" तो हळूच म्हणाला. काचेला म्हणाला.

उस्ताद तसेच.

"खरंच येत नाही?"

...

मग तो साध्या आवाजात बोलायला लागला. थांबत थांबत, पण बराच वेळ. ते काचेबद्दल नव्हतं. मी रस्त्याकडं तोंड करून बसलो, एक उसाचा ट्रॅक्टर जाईपर्यंत, मग दुसरा जाईपर्यंत. तो जे बोलला ते मला सांगितलेलं नव्हतं, म्हणून इथं लिहीत नाही.

त्यानं घामेजलेलं कपाळ काचेला टेकलं, काच ओली झाली. पलीकडं उस्ताद धूसर झाले.

बोलणं संपलं तेव्हा सिद्रामनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. पांढऱ्या बाहीवर काळा डाग पडला. मग तो कुणी न सांगता कामाला लागला. हँडल काढलं, सीटखालच्या हत्यारांतला पेचकस घेऊन दाराचं पॅड सोडवलं आणि आत बोटं घातली.

मला मागून दिसत होतं. काच ज्या दोन पट्ट्यांच्या मधून वर-खाली होते, त्या पट्ट्या त्यानं एकमेकींकडं इतक्या आवळल्या होत्या की काच जिवंत चिणल्यासारखी झाली होती. खडखड नको, गिऱ्हाइकाचं बोलणं नको, म्हणून.

तो त्या बोल्टांकडं बराच वेळ बघत राहिला.

मग त्यानं दहाचा पाना लावला आणि एकेक बोल्ट अर्धा आटा मागं घेतला. हँडल परत अडकवलं. एका हातानं फिरवलं.

काच खाली आली. आवाज न करता, लोण्यातून सुरी जावी तशी.

बाहेरची हवा आत आली. उस्ताद होते तिथंच होते, वीतभर अंतरावर. आता मधे काही नव्हतं.

...

"काच बरोबर होती," सिद्राम म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "शेठ, चुकलं माझं. नको ते बोललो."

"अरे, माझं सोड," मी म्हणालो.

उस्तादांनी दाराच्या कडेवर हात टेकला.

"पुढची मोठी काच असते ना बेटा, ती बसवायची. एकदा बसली की बसली. दाराच्या काचेचं तसं नाही. तिला ऊठ-बस लागते."

"हे तुम्ही शिकवलं नाहीत."

"नाही शिकवलं."

"नऊ वर्षांत नाही."

"आवळायला शिकायला आठ वर्षं जातात. सैल करायला एक दिवस पुरतो." उस्ताद म्हणाले. "त्या दिवशी तेच दाखवायला तुझ्या हातातला पाना घेतला होता. अर्धा आटा फिरवून परत देणार होतो... तू डबा उचललास."

सिद्रामनं हँडल सोडलं.

"मग हाक का नाही मारलीत?" त्याचा आवाज फाटला. "शेडच्या तोंडापर्यंत हळूहळू चालत गेलो होतो मी. मुद्दाम."

"दिसत होतं."

"मग?"

"मी पण आवळलेलाच होतो की बे."

मला हसू आलं. ते दोघं हसले नाहीत, म्हणून मीही तोंड मिटलं.

"आता बोल," उस्ताद म्हणाले. "मघाशी तुझे ओठ हलत होते. मला काही ऐकू आलं नाही."

"तेच... परत?"

"परत."

सिद्रामनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी उतरायला लागलो. उस्ताद म्हणाले, "बसा शेठ. साक्षीला." मी बसलो.

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो वाजून संपला.

"चाची गेल्या तेव्हा मी आलो होतो," सिद्राम म्हणाला.

"हं."

"फाटकाशी उभा होतो."

"हं."

"तुमच्यापर्यंत यायचं होतं. सगळे एकेक करून पुढं जात होते. प्रत्येक जण तीन-तीन मुठी माती देत होता. अनोळखी लोक पण. माझे पायच उचलले नाहीत, उस्ताद. नऊ वर्षं त्यांच्या हातचं जेवलो... आणि त्यांना तीन मुठी माती..."

कपाळ त्यानं दाराच्या कडेवर टेकलं.

उस्तादांनी उघड्या काचेतून हात आत घातला आणि त्याच्या मानेवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"मी सहा दिल्या," ते म्हणाले.