चार पेले आणि पंतांचं तोंड

"पेल्याला हात लावायचा नाही, ओठ लावायचा नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही! त्या खांबापाशी उभी राहा आणि चारही पेल्यांची चव सांग. चुकलीस तर सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर!"

करंजवड्याचे महाराज गरजले. ठकूबाई खांबापाशी जाऊन उभी राहिली. वीस वर्षं तिनं राजवाड्याची भांडी घासली होती. वेशीबाहेर तिचं कुणी नव्हतं. गुन्हा एवढाच, की ती भर दरबारात हसली.

हसेल नाही तर काय! महाराजांना नाद लागला होता. आपल्या बागेतली कॉफी, आपल्या डोंगरावरचा चहा, आपल्या द्राक्षांची वाइन, आपल्या जवांची बिअर! स्वतः ते ताकाशिवाय काही पीत नसत. चव घ्यायला विश्वंभरपंत ठेवले होते. पंत घोट घ्यायचे आणि सांगायचे, "अहाहा! जणू चंदनवनातला पहाटवारा!" उरलेलं ठकूबाई मोरीत ओतायची. त्यानं मोरीवरचं अळू जळालं होतं. आज पंतांचा तो पहाटवारा ऐकून तिला हसू फुटलं.

"सांगते," ठकूबाई म्हणाली. "पण कुणी प्यायल्याशिवाय चव कसली? पंतांना पिऊ द्या. मी नुसती बघते."

"बघून चव कळते होय गं, भांडीवाले?" पंत फिस्सकन हसले.

"तुम्ही प्या तर खरं!"

पंतांनी कॉफीचा घोट घेतला. "वा! वनराईचा गंभीर सुगंध!"

"करपलीय," ठकूबाई म्हणाली. "आधी नाक आक्रसलं, मग घोट अडला. करपलेलं आधी नाकाला कळतं, महाराज. बिया भाजताना कुणीतरी डुलकी काढली!"

महाराजांनी घोट घेतला. त्यांचंही नाक आक्रसलं.

पंतांनी घाईनं चहा उचलला. "रेशमी! केवळ रेशमी!"

"मग जीभ टाळूला का चिकटली? सोडवताना टक् आवाज आला, इथवर ऐकू आला! तुरट आहे तो. जांभळाची साल उकळावी तसा उकळलाय."

दरबारात कुणीतरी खोकलं. महाराजांनी चहा चाखला. टक्!

वाइनच्या घोटाला पंतांचा डावा डोळा मिटला, खांदे कानाला लागले. तरी म्हणाले, "यौवनाचा उल्हास!"

"आंबलीय. एवढा उल्हास मला चिंच खाताना होतो!"

महाराजांनी वाइन चाखली. त्यांचाही डावा डोळा मिटला.

आता पंत सावध झाले. बिअरचा पेला तोंडाला लावला आणि दगड झाले. नाक हललं नाही, डोळा लवला नाही. ठकूबाईनं मान पुढे काढली. काय वाचायचं त्या दगडावर?

"बोल!" महाराज म्हणाले. "वेस लांब नाही."

ठकूबाईनं पंतांच्या गळ्याकडे पाहिलं. घाटी हललीच नव्हती! गाल मात्र फुगलेले.

"महाराज, पंतांनाच विचारा की. नेहमी एवढं बोलतात!"

"बोला, पंत!"

पंत बोलेनात. मान तेवढी डोलवली.

"कडू, तुरट, आंबट, सगळं माणूस गिळतो आणि वर खोटं बोलतो," ठकूबाई म्हणाली. "पोट ढवळून जे घशाखालीच उतरत नाही, ते एकच. कळकलेलं! पितळेच्या भांड्यात ठेवलीय ती, आणि त्या भांड्याची कल्हई कधीच उडालीय. घासणारीला विचारलं असतंत तर सांगितलं असतं!"

"पंत, गिळा!" महाराज ओरडले.

फुर्रर्र! बिअर थेट गालिच्यावर!

महाराजांनी पेला उचलून जिभेला लावला आणि तेही तिथंच थुंकले. मग असे हसले, की मंदिल डोक्यावरून घसरला. "पंत, जा, मोरीवरचं अळू नव्यानं लावा! ठकूबाई, आजपासून राजवाड्याची चव तू बघायचीस. ही शाल घे, पंतांचं घर घे. आणखी काय हवं?"

"कल्हईवाला," ठकूबाई म्हणाली. "आणि आजच्या आज. उद्यापासून ते मला प्यायचंय!"

महाराज पुन्हा हसत सुटले. हसता हसताच त्यांनी कल्हईवाल्याकडे घोडेस्वार धाडला.