उंदराची पांढरी भिंत

ज्याने त्याने आपलं घर आपणच बांधायचं, त्या काळची गोष्ट. एका उंदराने मातीच्या भिंती उभ्या केल्या आणि लगेच बाहेरून चुना लावायला घेतला.

"अहो, आधी छप्पर घाला. पिल्लं उघड्यावर आहेत," उंदरीण म्हणाली.

"येणारा-जाणारा भिंत बघतो. मान वर करून छप्पर कोण बघतं?"

भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. मग शेजारचं कासव कौलं चढवायला शिडी घेऊन आलं. छपराच्या बाबतीत गावात त्याचाच शब्द शेवटचा.

"भिंतीला टेकवू नका, ओरखडे पडतील," उंदीर म्हणाला.

"मग कशाला टेकवू?"

तेवढ्यात वळीव कोसळला. पिल्लं कासवाच्या पोटाखाली शिरली. भिंतींचा चिखल झाला आणि ओढ्याला मिळाला.

"बरं, आता टेकवा," उंदीर म्हणाला.

"कशाला टेकवू?" कासवाने पुन्हा विचारलं.