मास्तरांनी पुरी केलेली वाकळ

“पण आक्का, माझं चुकलं काय?”

आत्माराम मास्तर तिसऱ्यांदा विचारत होते. आक्का सुईत दोरा ओवायच्या खटपटीत होत्या. ऐंशीच्या घरातले डोळे, दोरा काही नेढ्यातून जाईना.

“काय केलंस ते सांग,” आक्का म्हणाल्या.

“वाकळ पुरी केली.”

“कुणाची?”

“हौसाबाईंची.”

“मग ती कुठं हाय?”

“त्यांच्या घरी. मीच नेऊन दिली.”

“वाकळ न्हवं. हौसा कुठं हाय?”



मी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होतो. मठाचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. त्यामुळे इथं कोण जेवतं आणि कोण नुसतं ताट चिवडतं, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं.

आमच्या डोंगरावरच्या या मठात वाकळा शिवतात. लोक जुनी लुगडी, धोतरं, सदरे आणून देतात. आम्ही थरावर थर घालून शिवतो आणि ज्याला ऊब हवी त्याला देतो. बाळंतिणीला, अंथरुणाला खिळलेल्याला, वाटसरूला. हे आक्कांनी सुरू केलं. आक्का भगवं लुगडं नेसतात, पण उपदेश करत नाहीत. कुणी फारच मागे लागलं तर त्याच्या हातात सुई देतात.

मास्तर वर्षापूर्वी आले. तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मनाला शांती नाही म्हणून दुकान मुलावर सोपवून ते वर आले. तोरा मात्र बरोबरच आणला. टाका बघावा तर मास्तरांचा, उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली ते कळू नये असा. हे मास्तर स्वतःच सांगत, कुणी विचारलेलं नसताना.

हौसाबाई खालच्या वाडीतल्या. पोळ्याच्या आठवड्यात त्यांचा नवरा गेला. मूलबाळ नाही. बाईंनी चूल पेटवायचं सोडलं, बोलायचं सोडलं. महिनाभरानं त्यांची जाऊ पारूबाई त्यांना हाताला धरून वर घेऊन आली. काखेत नवऱ्याच्या कपड्यांचं गाठोडं.

“ह्याची वाकळ करून द्या,” पारूबाई म्हणाली. “हिला घराभाईर कशानं काढावं तेच कळंना.”

आक्कांनी गाठोडं सोडलं, थर लावून दिले आणि सुई हौसाबाईंच्या हातात ठेवली.

तेव्हापासून बाई रोज दुपारी वर येऊ लागल्या. वर यायचं तर आंघोळ करावी लागते, केस विंचरावे लागतात, आणि चढण अशी आहे की पोटात दोन घास नसले तर निम्म्यातच बसावं लागतं. बोलत नव्हत्या, पण येत होत्या. टाक्यांचं मात्र विचारू नका. एक टाका बोटभर, एक नखाएवढा. ओळ निघायची एकीकडे आणि पोचायची भलतीकडे.

मास्तरांना ते बघवेना.

त्याआधीच्या पंधरवड्यात आक्का पलीकडच्या गावी एका आजारी बाईची शुश्रूषा करायला गेल्या होत्या. हौसाबाईंनाही तेव्हाच ताप आला. मास्तरांनी वाकळ ओढून घेतली, बाईंचे वाकडे टाके उसवले, नव्यानं ओळी घातल्या आणि पाच दिवसांत वाकळ पुरी केली. खोटं कशाला बोलू, सुंदर झाली होती. “मास्तर, कमाल केलीत,” असं मीच म्हणालो. म्हणजे या पापात माझाही वाटा आहे.

बाईंनी वाकळ दोन्ही हातांनी घेतली. “बरं झालं,” म्हणाल्या. त्यानंतर त्या वर आल्या नाहीत.

त्या दिवशी सकाळी पारूबाई येऊन सांगून गेली. वाकळ ट्रंकेत पडली आहे. हौसा भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तीन दिवस चूल नाही, आणि जावेनं नेलेली भाकरी तशीच परत येते.

“मी त्यांच्या भल्यासाठीच केलं,” मास्तर म्हणाले.

“व्हय.”

“त्यांची बोटं सोलवटली होती. माझ्या हाताला असं कितीसं काम ते.”

“व्हय.”

“मग?”

आक्कांनी सुई-दोरा त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी एका झटक्यात ओवून दिला.

“तिचं टाकं कुठं हायत?”

“काढले. वाकडे होते, आक्का.”

“काय केलंस त्या दोऱ्याचं?”

“... टाकून दिला.”

मी तांदळात बोटं फिरवत राहिलो. खडे केव्हाच संपले होते.

“खाली जा,” आक्का म्हणाल्या. “वाकळ मागून आण.”

“काय म्हणून मागू?”

“चुकली म्हण.”

“चुकली?” मास्तरांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. “त्यात एक टाका चुकलेला नाही, आक्का.”

“तेवढं सांगू नगंस.”

तासाभरानं मास्तर परत आले. खांद्यावर वाकळ.

“दिली का?”

“दिली. का पाहिजे तेसुद्धा विचारलं नाही. ट्रंक उघडली, माझ्या हातात ठेवली, परत जाऊन पडल्या.” मास्तर खांबाला टेकले. “मला वाटलं होतं, निदान भांडतील.”

आक्कांनी कात्री पुढे सरकवली.

“उसव.”

“कुठपर्यंत?”

“तुझं हाय तितकं.”

“सगळंच माझं आहे...”

“मग सगळं.”

मास्तरांच्यानं पहिला टाका कापवेना. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं त्यांचं काम परत आणलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. बघितलं नाही असंही दाखवलं. मग कात्री चालू लागली. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या दोऱ्यांचा ढीग झाला आणि वाकळीचे थर सुटे झाले. आता ती नुसती कपड्यांची चळत होती.

“आता?”

“आता तिला आण.”

“त्यांना काय सांगू?”

आक्का उठून आत गेल्या.

पुढचं मला पारूबाईनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ती चळत डोक्यावर घेऊन हौसाबाईंच्या दारात उभे राहिले. म्हणाले, “हौसाबाई, मला तुमची वाकळ शिवता येत नाही. सगळी सुटली. तुम्ही वर चला.”

बाई हलल्या नाहीत.

मास्तर पायरीवर बसले. आपल्या दुकानात भल्याभल्यांना ताटकळत ठेवणारा माणूस, तिथं सव्वा तास बसून होता.

मग आतून आवाज आला. “तळाला लुगडं हाय का धोतार?”

“ठाऊक नाही,” मास्तर म्हणाले.

हे धडधडीत खोटं होतं. कुठल्या थराला काय आहे हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

“येवढं बी कळत न्हाई व्हय मास्तर?” हौसाबाई उठून बसल्या. “माझं लुगडं तळाला. मालकांचं धोतार मधी. सदरं वर. द्या हिकडं.”

“इथं नको. वर आक्का आहेत, सुई तिथंच आहे.”

दुपारी बाई वर आल्या. वाटेत दोनदा बसल्या म्हणे. मी आधी पिठलं-भाकरी पुढे केली. अर्धी भाकरी खाल्ली. मग त्यांनी थर पसरले, माया केल्यागत एकेक सारखा केला. एका सदऱ्यावर त्यांचा हात थांबला.

“हितं भोक हुतं.”

“रफू केलं मी,” मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी नखानं रफूचा दोरा ओढून काढला. भोकात बोट घातलं.

“बिडीनं जाळल्यालं. माझ्या भावाच्या लग्नात. नवा कोरा सदरा. दिवसभर त्यावर हात ठिवून हिंडत हुते, म्हंजी मला दिसू नये.” त्या जरा हसल्या. “मला तवाच दिसलं हुतं.”

आणि मग त्या रडू लागल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, असं पारूबाईनं नंतर सांगितलं. मास्तर मान खाली घालून बसले. आक्कांनी कुणाचीच समजूत घातली नाही.

आता बाई पुन्हा रोज येतात. टाके पूर्वीसारखेच, एक बोटभर, एक नखाएवढा. मास्तर त्यांना सुया ओवून देतात आणि गप्प बसतात. यातलं दुसरं काम त्यांना जास्त जड जातं.

शिमगा जवळ आला तेव्हा एका दुपारी मास्तरांना राहवलं नाही. ते आक्कांच्या शेजारी जाऊन बसले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

“आक्का, मी मधे पडत नाही. पण थंडी सरत आली, आणि अजून निम्मीसुद्धा झाली नाही. बाई ही वाकळ पांघरणार तरी कधी?”

आक्कांनी हनुवटीनं खूण केली.

हौसाबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. वाकळ कमरेपासून पावलांपर्यंत पसरलेली होती. एका कडेला त्या ओळ घालत होत्या, आणि पारूबाईशी काहीबाही बोलत होत्या.

“नीट बघ,” आक्का म्हणाल्या. “कवाची पांघरूनच बसलीया.”