गळकी मोटरसायकल आणि तेलकट फडकं

वस्तू बोलायच्या आणि माणसं त्यांचं मुकाट ऐकायची, तेव्हाची ही गोष्ट.

हौसाक्कांना जुनी मोटरसायकल विकायची होती. दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं आणि गाडीखाली तर रोज तेलाचं थारोळं.

"फडक्या, पूस रे मला लवकर," गाडी रडकुंडीला आली. "इंजिन गेलं म्हणतील आणि भंगारात घालतील."

"पुसून पुसून माझं तोंड काळं झालं!" फडकं खेकसलं. "कुठनं गळतंय ते बघितलंस का कधी, बये?"

"बघायचीच भीती वाटते."

"मग बस भीत! हौसाक्का, पावडरचा डबा आणा!"

हौसाक्कांनी इंजिन रॉकेलनं धुतलं, कोरडं केलं, त्यावर तोंडाला लावायची पावडर फासली आणि गाडी चालू ठेवली. थोड्या वेळानं पांढऱ्या पावडरीवर एकच काळी रेघ उतरली. रेघेच्या वरच्या टोकाला एक बोल्ट होता आणि त्याचा वायसर पार झिजलेला.

"एवढासा वायसर!" गाडी म्हणाली. "आणि मी सहा महिने मरणाला टेकले होते!"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गावचाच पोस्टमन. हौसाक्कांनी रेघ न पुसता त्याला तशीच दाखवली.

"आक्का, सकाळपासनं तीन गाड्या बघितल्या," तो हसत म्हणाला. "सगळ्या आरशासारख्या, पण दुखणं कुणी सांगेना. वायसर मी बदलतो. हीच द्या."

निघताना गाडीनं विचारलं, "फडक्या, तू पण येतंस ना?"

"मी कशाला? आता लपवायला काय उरलंय तुझ्याकडं?"