ऐंशी पिल्लांचा बाप

"मग औषध किती घालू? पाच थेंब की दहा?"

हेरंब सापळेने दारात उभं राहूनच विचारलं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाणी, पाण्यात मासा. कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. शिकलेला माणूस, त्यामुळे नमस्कार वगैरे आधी नाही, प्रश्न आधी.

द्वारकामावशी पडवीत कोळंबी चिरत होती. बारीक, मोहरीएवढी.

चाळीस वर्षं तिने वेंगुर्ल्याच्या बाजारात मेलेली मासळी विकली. गुडघे गेले तेव्हा घरी बसली आणि जिवंत मासे वाढवायला लागली. डिस्कस. ताटलीसारखा गोल, चपटा, नखरेल मासा. त्याची पिल्लं जगवणं भल्याभल्यांना जमत नाही. मावशीकडे जगतात. का जगतात ते विचारायला लोक लांबून येतात. मावशी बहुतेकांना चहा पाजून परत पाठवते.

"कसलं औषध?" तिने मान वर केली नाही.

"बुरशीचं. हिला बुरशी झालीय. बघा ना, काळी पडलीय. अंगावर पांढरट चिकटा. पर फाटलेत."

मावशीने पिशवी घेतली, उजेडाकडे धरली.

"बुरशी नाही. दूध आहे ते."

"ते मला माहीत आहे हो," हेरंब म्हणाला. "डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकटा खाऊन वाढतात. सगळं वाचलंय मी. पण इतका? आणि इतकी काळी?"

"आईबापाच्या."

"हो."

"मग बाप कुठाय?"

...

"दुसऱ्या टाकीत."

"आजारी आहे?"

"छे! ठणठणीत. काय रंग चढलाय त्याला! दिवसातून तीन वेळा खातो."

मावशी हसली. तिचं हसणं बरं नसतं.

"काढावाच लागला त्याला," हेरंब घाईने म्हणाला. "पहिल्या खेपेला त्यानेच अंडी खाल्ली. डोळ्यांदेखत."

"कुणाच्या?"

"माझ्या. बॅटरी घेऊन उभाच होतो ना मी. दर तासाला बघत होतो."

मावशीने पिशवी त्याला परत दिली आणि पुन्हा कोळंबी चिरायला घेतली.

"दुसऱ्या खेपेला मी अंडीच वेगळी काढली. पिल्लं निघाली, पोहायला लागली. बाहेरून मागवलेली पावडर घातली त्यांना. सहाव्या दिवशी..." त्याने चष्मा काढून पुसला. "आता ही तिसरी खेप. ऐंशी आहेत. मोजलीत मी. आज पाचवा दिवस. जोडी म्हातारी होत चाललीय मावशी, पुन्हा अंडी घालतील असं वाटत नाही. ही ऐंशी गेली की संपलं."

आवाज जरा खाली आला होता. माणूस वाईट नव्हता.

"पण हिची कमाल आहे," तो पिशवीकडे बघत म्हणाला. "एकटीनं केलं हो सगळं. माऊली आहे अगदी."

मावशीची सुरी थांबली.

"तिला माऊली म्हणू नकोस, मास्तर."

"का? चांगलंच म्हणतोय की."

"एकदा बाईला माऊली म्हटलं, की कुणी मदतीला येत नाही."

मी शेजारची, मावशीच्या विहिरीवर पाणी शेंदत होते. दोर तसाच हातात राहिला. मावशीने चार पोरं एकटीने वाढवली. सगळी आळी तिला माऊली म्हणते. मीसुद्धा. तिला ते आवडतं असं आम्ही धरून चाललो होतो. तिची टोपली मात्र कुणी कधी डोक्यावर चढवून दिली नाही.

"चल," मावशी उठली. वाटीभर कोळंबी घेतली, पदर खोचला. "तू पण ये गं. आणि एक बादली घे."

हेरंबचं घर चार घरं सोडून. आम्ही गेलो.

बाहेरच्या खोलीत टाकी. पांढरी वाळू, निळा दिवा, एक पूल, एक बुडालेलं जहाज. जहाजातून बुडबुडे.

"गणपतीचा देखावा केलायस?"

"पाहुणे येतात ना, मावशी."

"पाहुणे तुझे. टाकी कुणाची?"

पिल्लं जहाजाच्या आडोशाला घोळका करून लटकली होती. सकाळपासून उपाशी. काही तर पोहायचंही विसरली होती, नुसती तरंगत होती.

मावशीने पूल काढायला लावला. जहाज काढायला लावलं, दोन्ही माझ्या बादलीत. दिवा बंद. वाळू नंतर काढ म्हणाली, पिल्लं जरा मोठी झाली की. "पोरं खातात तशी हगतात. ती घाण वाळूत मुरते, वरून दिसत नाही. बोडकी टाकी बरी. रोज अर्धं पाणी काढायचं, आदल्या दिवशी साठवलेलं घालायचं. नळाचं ताजं नको."

"पाण्याची तपासणी मी दिवसातून चार वेळा करतो."

"तपास. पण काढही."

पिशवी टाकीत तरंगत ठेवली. आतलं-बाहेरचं पाणी एकसारखं झालं तशी मावशीने हळूच मासोळी सोडली.

जत्रेत फुटाणेवाल्याभोवती पोरं जमतात, तशी ऐंशीच्या ऐंशी तिच्या अंगाला जाऊन चिकटली. टोचायला लागली. घटकाभर ती उभी राहिली. मग अंग झटकून पुढे सरली. पिल्लं उधळली, पुन्हा मागे धावली. तिने पुन्हा झटका दिला.

"हे बघा! हे बघा!" हेरंब म्हणाला. "झटकते आहे त्यांना. कंटाळली. म्हणूनच आजारी वाटली मला ही, काढली बाहेर."

"झटकत नाही ती. पोरं देतेय."

"कुणाला?"

मावशीने पलीकडच्या टाकीकडे पाहिलं. त्यात तो एकटाच फिरत होता. तांबडालाल, पर इस्त्री केल्यासारखे. नवरदेव.

हेरंबच्या लक्षात यायला वेळ लागला. चेहरा उतरला.

"नको मावशी. खाईल तो. ऐंशी आहेत."

"आण."

"एकाला जरी काही झालं ना..."

"तर मला शिव्या दे. मलाही परत देता येतात."

त्याने जाळी घेतली. मासा उचलला, या टाकीत सोडला, आणि नाक काचेला लावून उभा राहिला.

बापाने एक फेरी मारली. दुसरी मारली. एक पिल्लू घोळक्यातून चुकून त्याच्या वाटेत आलं. त्याने तोंड उघडलं आणि ते आत घेतलं.

"खाल्लं! मावशी, खाल्लं त्यानं!" हेरंबने जाळी उचलली.

मावशीने खुर्चीवरचा टॉवेल ओढला आणि टाकीवर टाकला. पुढची काच सगळी झाकली.

"अहो, काय करताय! मला काही दिसत नाही!"

"त्यालाही तू दिसत नाहीस. बस."

"मावशी..."

"पाठ करून बस."

बसला. आम्ही तिघं टाकीकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसलो. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

...

"किती खाल्ली असतील?" हेरंबने विचारलं.

"मास्तर, तू अंघोळीला बसलास आणि दर तासाला कुणी बॅटरी मारून बघितलं, तर तुझं डोकं ठिकाणावर राहील?"

मला हसू आलं. हेरंबला आलं नाही.

"घाबरलेला मासा अंडी गिळतो," मावशी म्हणाली. "तू घाबरवलंस, त्याने गिळली. वर तूच त्याला बाहेर काढलंस."

...

तो दोनदा उठला. दोनदा तिने शर्टाला धरून खाली बसवला. तिसऱ्यांदा म्हणाली, "एवढंच असेल तर जा, चहा टाक."

गेला. साखरेचा डबा शोधायला त्याला बराच वेळ लागला. चहा मात्र बरा झाला होता. मावशी बशीत ओतून सावकाश प्यायली. मग टॉवेलचा एक कोपरा उचलला.

"ये. हळू. श्वास काचेवर सोडू नकोस."

नवरदेवाचा रंग उतरला होता. तव्यासारखा काळा पडला होता तो, मासोळीसारखाच. दोन्ही अंगांना पिल्लं चिकटलेली, फोडणीतली मोहरी चिकटावी तशी. एक पिल्लू भरकटून दूर गेलं. बाप त्याच्यामागे गेला, तोंडात धरलं, परत आणलं आणि घोळक्यात फुर्रकन थुंकून दिलं.

हेरंबचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याचं बोट काचेपासून वीतभर लांब, हवेत नाचायला लागलं. मोजत होता. अठ्ठावीसपर्यंत गेला, चुकला, पुन्हा सुरू केलं... मग बोट खाली घेतलं आणि नुसतं बघत राहिला. चष्मा नाकावर घसरला होता, तो त्याने वर केला नाही.

"यांना वेगळं कधी करायचं?" जरा वेळाने त्याने विचारलं. पहिल्यासारखं नव्हे, हळू.

"अंगावरचं सोडून कोळंबीकडे वळली की. पंधरवडा, तीन आठवडे. मग थोडं थोडं घाल, दिवसातून पाच-सहा वेळा. उरलेलं लगेच काढ. घाई करू नकोस."

तिने वाटीतली चिमूटभर कोळंबी पलीकडच्या कोपऱ्यात सोडली. मासोळी तिथे होती. पुढे आली, खाल्लं. आणखी खाल्लं. मग पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पर हलके हलत होते, तेवढंच. अंगावर एकही पिल्लू नाही.

हेरंब तिच्याकडे बघायला लागला. कपाळाला आठी पडली.

"मावशी, ही अशी का उभी आहे? काहीच करत नाहीये. बरं नाही का तिला?"

मावशीने टॉवेलचा कोपरा पुन्हा खाली सोडला.

"काहीच न करणारी आई याआधी कधी पाहिली होतीस का, मास्तर?"