वळणापलीकडचा उजेड

आम्ही चार पेन्शनर रोज सकाळी चहाच्या टपरीवर युद्ध जिंकतो. घरी टीव्हीचा रिमोटही हाती लागत नाही, म्हणून तिथं सैन्य हलवतो. परवा शहरात ब्लॅकआउटचा सराव होता, तेव्हा कॉलनीचा पहारा साहजिकच आमच्याकडे आला. भोंगा वाजला, सगळीकडे काळोख झाला आणि मी उभ्या स्कूटरवर आदळलो.

तेवढ्यात नगरसेवक अण्णासाहेब उंडे गाडीतून उतरले. "त्या वळणापलीकडे उजेड कुणाचा? शत्रूचं विमान आलं म्हणजे? नाव सांगा, गुन्हाच दाखल करतो."

आम्ही चौघे आकाशात विमान शोधू लागलो. तिथं अण्णासाहेबांचाच फ्लेक्स होता. 'दिवे बंद ठेवा' या आवाहनाखाली त्यांचा हसरा चेहरा हॅलोजनमध्ये झळकत होता.

गॅलरीतून आमची ही म्हणाली, "तुमचाच फ्लेक्स आहे, अण्णासाहेब. हे तो दिवा बंद करायला निघाले होते, मीच अडवलं. म्हटलं, विमान आलंच तर त्याला तुम्ही दिसलेले बरे, उगाच आमच्या घरांवर बॉम्ब नको."

मी जागचा हललोही नव्हतो. अण्णासाहेब मात्र धावले आणि त्यांनी स्वतः वायर उपटली.

आमच्या एवढ्या युद्धांत नेमका लागलेला हा पहिलाच गोळा. तोही गॅलरीतून आला.