गप्प राहिलेली ताई

झाडं एकमेकांशी बोलत त्या काळी एका वाफ्यात कोबीची भावंडं वाढत होती. काही दुखलं तरी पानाआड ठेवायचं, अशी कोबींची रीत होती. थोरल्या ताईला अळ्यांनी पोखरलं, तरी तिने चावलेल्या पानांतून सुटणारा वास बाहेर जाऊ दिला नाही. शेवटी तिचा नुसता दांडा उरला.

मग अळ्या धाकट्या भावावर चढल्या. पहिला चावा बसताच त्याने उग्र वास वाऱ्यावर सोडला.

"अरे, लाज वाटते का? शिवारभर बोभाटा!" शेजारचे कोबीकाका खेकसले.

"ताई गेली, काका. मी नाही गप्प बसणार!"

बांधावर मोहरीच्या फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीला तो वास लागला. ती उडत आली आणि तिने एकेका अळीच्या अंगात अंडी घातली. "आता माझी पिल्लं यांना आतून खातील," ती म्हणाली.

"ताईच्या वेळी कुठे होतीस?" भाऊ रागाने म्हणाला.

"इथेच होते रे, बांधावर. अळ्याच शोधत होते. पण वास आल्याशिवाय मला कळणार कसं?"

तेवढ्यात काकांच्या घट्ट मिटलेल्या पानांतून, चोरट्यासारखा, तसाच उग्र वास येऊ लागला.

"आले हं, काका," गांधीलमाशी म्हणाली.